किम लिटल आणि देशाचा हिशोब

परवा आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबच्या बायकांची मॅच बघत बसले होते. शेजारी चुलतभाऊ रील खाली सरकवत होता. मध्येच त्याने विचारलं, "ताई, ही तुझी किम लिटल, हिने देशासाठी काय जिंकलं?" मी म्हटलं, काही नाही. पैज जिंकल्यासारखा हसला.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय.

किम स्कॉटलंडमधल्या अबरडीनशरच्या मिंटलॉ गावची. आधी तिथलाच हिबर्नियन क्लब, मग २००८ मध्ये आर्सेनल. इंग्लंडमधल्या खेळाडूंच्या संघटनेने २०१३ मध्ये महिलांसाठी वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार सुरू केला, तो पहिलाच हिला. पुढच्या वर्षी अमेरिकेत सिएटलच्या क्लबकडे गेली: पहिल्या मोसमात १६ गोल, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त. मिडफिल्डर आहे हो ही! इतके गोल स्ट्रायकरने केले तरी डोक्यावर घेतात.

पण ती स्कॉटलंडची. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला ग्रेट ब्रिटनकडून खेळली. कार्डिफला न्यूझीलंडविरुद्धच्या मॅचआधी ब्रिटनचं राष्ट्रगीत लागलं तेव्हा तोंड मिटून उभी राहिली, तर केवढी ओरड झाली. २०१७ ला स्कॉटलंड पहिल्यांदा युरोला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेला, पोचलं आणि त्याआधीच हिच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं.

आणि मग ती २०१९ ची पॅरिसची रात्र. वर्ल्डकप, समोर अर्जेंटिना. आपल्याकडे मॅच साडेबाराला सुरू झाली. घरचे झोपलेले, मी कानात हेडफोन घालून पांघरुणात. १९ व्या मिनिटाला किमचाच गोल. मग बीटी, मग कथबर्ट. ६९ व्या मिनिटाला ३-०! मी फोन ठेवून पाणी प्यायला उठणार होते. ७४ ला एक गेला, ७९ ला दुसरा. शेवटी व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या पंचांमुळे, पेनल्टी मिळाली. गोलकीपर ली अलेक्झांडरने ती अडवली, आणि मी पांघरुणात किंचाळले. पुन्हा व्हीएआर: तिने रेषा आधी सोडली म्हणे. पेनल्टी परत, गोल, ३-३, स्कॉटलंड घरी. सकाळी आई म्हणाली, रात्री काय स्वप्न पडलं होतं गं?

२०२१ मध्ये किम देशाकडून खेळायची थांबली. १४० सामने, ५९ गोल. माझ्या चुलतभावाच्या वहीत या सगळ्याचे मार्क शून्य. अमेरिकेत जन्मली असती तर तिथल्या संघाने जिंकलेले २०१५ आणि २०१९ चे दोन वर्ल्डकप आयतेच खात्यावर पडले असते आणि हा प्रश्नच आला नसता. जन्मगाव काय तिने निवडलं होतं?

२०२५ च्या मे महिन्यात लिस्बनला चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, फायनल. आर्सेनल पात्रता फेरीपासून रखडत आलेलं. रेआल माद्रिदकडे पहिली मॅच ०-२ हरले, लियाँकडून घरच्या मैदानावर १-२. दोन्ही वेळा परतीच्या मॅचमध्ये फिरवलं. समोर बार्सिलोना. आर्सेनलच्या ब्लॅकस्टेनियसचा एक गोल, १-०. कप्तान किम, वय ३४.

तिचं बघण्यासारखं जे आहे ते हायलाइट्समध्ये सापडत नाही. बॉल येण्याआधी ती मान वळवून मागे बघून घेते, एकदा, कधी दोनदा. मग बॉल येतो तेव्हा अंग आधीच अर्धं वळलेलं असतं, आणि अंगावर धावून आलेली पोरगी भलत्याच दिशेला निघून जाते.

चुलतभावाला म्हटलं, बॉल विसर, दहा मिनिटं फक्त दहा नंबरकडे, म्हणजे किमकडे, बघ. सात मिनिटं बघितलं त्याने. मग परत रील.