स्पीकर काढून व्हॉल्व्ह अँप वाजवू नका, मेसेजमध्ये काहीही लिहिलेलं असो

परवा रात्री साडेदहाला अमळनेरहून भाच्याचा फोन. तो गिटार वाजवतो, आणि त्याचा अँप व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा (त्यांनाच ट्यूबही म्हणतात). तो अँप खडखडत होता. "मामा, स्पीकरनी वायर काढी टाकू का? मंग फुल व्हॉल्यूम देवाना शे." अंथरुणात पडलो होतो, ताडकन उठून बसलो. म्हटलं, आधी अँप बंद कर आणि हे तुला कोणी सांगितलं ते सांग. तर म्हणे ग्रुपवर आलंय, सगळे पुढे पाठवताहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोच मेसेज धुळ्यातल्या दोघांनी मलाही पाठवला. एकाने वर अंगठाही लावला होता. "ट्यूब अँप खडखडतोय? मेकॅनिकला पैसे देऊ नका! ६ घरगुती उपाय." मजकूर थोडक्यात असा: खडखड म्हणजे व्हॉल्व्ह गेला, सगळे एकदम बदला. स्पीकरची वायर काढून अँप फुल वाजवा, खडखड थांबली तर दोष स्पीकरचा. प्लग काढला की करंट संपला, मग पाठ उघडून बिनधास्त हात घाला. व्हॉल्व्हभोवती फोम कोंबा. स्पीकरचे स्क्रू जितके घट्ट तितके चांगले. आणि १२० हर्ट्झची गुणगुण येत असेल तर थ्रीपिन टॉपची अर्थिंगची पिन काढून टाका. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही.

मी व्हॉल्व्ह शिकलो ते रेडिओवर, नंतर लग्नातल्या भोंग्यांच्या अँपवर. गिटारवाले गिऱ्हाईक वर्षाकाठी चार-पाच येतं. म्हणजे मी काही मोठा तज्ज्ञ नव्हे. पण इतकं चुकीचं एका मेसेजात बसवायचं तर त्यालाही कसब लागतं.

भाच्याचा हात दुसऱ्या उपायापर्यंत पोचला होता, म्हणून तिथूनच सुरू करतो.

खडखड होते कशी? स्पीकर हलतो, पेटी थरथरते आणि पेटीत जे जे सैल असेल ते वाजतं. मग तो स्क्रू असो, व्हॉल्व्ह धरून ठेवणारी स्प्रिंग असो, हँडल असो की मागची फळी. स्पीकर काढलात की थरथरच संपली. खडखड थांबणारच! पंखा बंद केल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर फडफडायचं थांबलं, म्हणून दोष पंख्याचा का? या परीक्षेत स्पीकर दर वेळी नापास होणार, खरा चोर कोणीही असो.

हा झाला मूर्खपणा. नुकसान पुढे आहे. व्हॉल्व्ह अँपमध्ये व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधे आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, आणि त्याला पलीकडे काहीतरी ओढणारं लागतं. आपल्याकडच्या केळीवाल्याला हे सांगायची गरज नाही. ठिबकचे सगळे कॉक बंद करून मोटर चालू केली तर पाणी कुठे जाणार? पाइप जिथे कच्चा तिथे फुटणार. इथे पाण्याच्या जागी व्होल्टेज. स्पीकर नसताना जोरात सिग्नल दिला की ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगवर, हजार-हजार व्होल्टच्या उसळ्या येतात. मग ठिणगी कुठे व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये पडते, कुठे वाइंडिंगच्या आत. सॉकेट बदलता येतो. वाइंडिंग जळलं तर अर्ध्या अँपची किंमत गेली, आणि तसा ट्रान्सफॉर्मर जळगावच्या गोलाणी मार्केटात टांगून ठेवलेला नसतो. मी असा एक अँप उघडलाय. मालक म्हणाला, "स्पीकर नव्हता तरी आतून बारीक गाणं ऐकू येत होतं, मग वास आला." ते गाणं ट्रान्सफॉर्मरचं.

आता एक कबूल करतो, नाइलाजाने. काही अँपमध्ये हा खेळ पचतो. फेंडर या अमेरिकन कंपनीच्या ट्विन रिव्हर्ब अँपचा जुलै १९६३चा सर्किट डायग्राम बघा, एबी७६३ नावाचा, इंटरनेटवर कुठेही मिळतो. त्यात स्पीकरचा जॅक असा दाखवलाय की प्लग ओढला की आउटपुट आपोआप शॉर्ट होतं, म्हणजे त्याची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात. व्हॉल्व्ह अँपला थोडा वेळ शॉर्ट झालेलं चालतं, उघडं, म्हणजे काहीच न जोडलेलं, चालत नाही. ट्रान्झिस्टर अँपचं बरोबर उलटं: उघडं चालतं, शॉर्ट केलं की आउटपुट ट्रान्झिस्टर फुंकले. मेसेज लिहिणाऱ्याने एक तर फेंडरवर कोणाला हे करताना पाहिलं असेल, नाहीतर आयुष्यभर डीजेचे अँप वाजवले असतील. भाच्याच्या अँपला तसा जॅक नाही. पुष्कळांना नसतो.

खरी परीक्षा उलटी आहे. सकाळच्या एसटीने भाचा अँप घेऊन आला, गोधडीत गुंडाळून, शेजारच्या सीटवर बसवून. पंधरा वॅटचा कॉम्बो, म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच पेटीत; दोन ईएल८४ आणि तीन छोटे १२एएक्स७ असे पाच व्हॉल्व्ह, बारा इंची स्पीकर. त्याचा अँप बंदच ठेवला आणि त्याच्या स्पीकरला माझा दुकानातला ट्रान्झिस्टर अँप जोडला. फोनवर टोन जनरेटर लावून सत्तर हर्ट्झपासून हळूहळू वर सरकलो. सत्तर, गप्प. ब्याऐंशी, म्हणजे गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी, तरी गप्प. अठ्ठ्याण्णवला, म्हणजे त्याच तारेच्या तिसऱ्या पडद्यावरच्या जीला, कडकडकड! एसटीच्या खिडकीसारखं. एकशे दहाला पुन्हा शांत. भाचा बघतच राहिला, कारण व्हॉल्व्ह तर थंडगार होते. म्हणजे दोष विजेचा नव्हताच, काहीतरी नुसतं सैल होतं.

मग एक सूर लावून ठेवायचा आणि हाताने एकेक जागा दाबत जायची. हँडल दाबलं, फरक नाही. पुढची जाळी, नाही. कोपऱ्यांचे पत्रे, नाही. मागच्या फळीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर अंगठा टेकवला आणि आवाज कापल्यासारखा बंद. अंगठा उचलला, चालू. फळीचे स्क्रू घट्ट होते, म्हणून कोणाचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. पण फळीच मधे जरा वाकली होती आणि कोपरा पट्टीपासून केसभर सुटला होता. आमच्याकडच्या उन्हाळ्यात प्लायचं दुसरं काय होणार! सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर पट्टी कापून फळीच्या मागे बसवली. मेसेजमध्ये म्हटलंच होतं, दोष ट्यूबचा. फक्त ती ट्यूब सायकलची निघाली.

आता जीवावर बेतणारे दोन उपाय.

"प्लग काढला की करंट संपला." नाही संपत. आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये तीनशे ते पाचशे व्होल्ट डीसी साठलेलं असतं, आणि प्लग भिंतीतून निघालाय हे त्याला कोणी जाऊन सांगत नाही. इथेही अर्धं सत्य आहे, आणि तेही त्याच डायग्रामात: ट्विनच्या दोन मोठ्या कंडेन्सरवर प्रत्येकी २२० किलो-ओहमचे रझिस्टन्स टाकलेत, ते मिनिटाभरात बराचसा चार्ज उतरवतात. पण साठ वर्षांत तो रझिस्टन्स कधी निकामी झाला हे बाहेरून दिसतं का? आणि कित्येक अँपमध्ये तो नसतोच. वाजता अँप तसाच बंद केला तर गरम व्हॉल्व्ह बराचसा चार्ज ओढून घेतात; आधी स्टँडबायवर टाकून (व्हॉल्व्ह गरम, पण मुख्य व्होल्टेज तोडलेलं) मग बंद केला तर ओढायला कोणीच नाही, सगळं आत तसंच. म्हणून मीटर डीसीवर लावून मोजायचं, रझिस्टन्समधून उतरवायचं, पुन्हा मोजायचं. मीटर कुठे टेकवायचा हे ज्याला माहीत नाही त्याने चॅसी, म्हणजे सर्किट बसवलेला पत्र्याचा डबा, उघडूच नये. फळी, हँडल, स्क्रू, स्पीकरचे नट हे सगळं चॅसीला हात न लावता तपासता येतं आणि खडखड बहुतेक वेळा तिथेच सापडते.

आणि ती अर्थिंगची पिन. मुळात गुणगुण आणि खडखड या दोन वेगळ्या गोष्टी, त्या एका यादीत आल्याच कशा? १२० हर्ट्झ या आकड्यानेच मेसेज कुठून उचललाय ते कळतं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर तिची गुणगुण १२० होते. आपली वीज ५०ची, गुणगुण १००ची, गिटारवर जी आणि जी शार्पच्या मधे कुठेतरी. निदान चोरलेला मजकूर तरी आपल्या विजेला जुळवून घ्यायचा.

पिन काढल्यावर गुणगुण कधीकधी जाते, खरंय. दोन यंत्रं दोन ठिकाणच्या अर्थिंगला जोडली असली की असं होतं. दोन्ही एकाच बोर्डवर लावली तरी जाते. पण गिटारच्या तारा ब्रिजमधून आणि वायरच्या जाळीतून थेट अँपच्या चॅसीला जोडलेल्या असतात. आत ट्रान्सफॉर्मरचं इन्शुलेशन गेलं आणि अर्थिंग नसलं, तर २३० व्होल्ट सरळ वाजवणाऱ्याच्या बोटांत, आणि ओठ माइकला. अर्थिंग असतं तर फ्यूज उडाला असता. आमच्या भागात आधीच मे महिन्यात जमीन वाळली की अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावं लागतं, तेव्हा कुठे ते नीट धरतं. तिथे हे महाशय पिनच कापायला सांगतात. कोणी कापली असेल तर आजच नवीन टॉप बसवा.

बाकीचे दोन उपाय पटकन. फोम: ईएल८४ला चालू असताना हात टेकवून बघा, नको, बघूच नका, फोड येईल. त्याच्याभोवती फोम म्हणजे चुलीला गोधडी. छोट्या १२एएक्स७वर सिलिकॉनच्या खास रिंगा मिळतात, त्या ठीक. स्क्रू: सैल नकोत हे बरोबर. पण जोर लावून आवळले तर स्पीकरची फ्रेम पिळते, कॉइल घासते आणि जी खरखर नव्हती ती सुरू होते. गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसं समोरासमोर, थोडं थोडं.

राहिला पहिला उपाय, सगळे व्हॉल्व्ह बदला. व्हॉल्व्हही खडखडतो, मी नाही म्हणत नाही. आतले भाग सैल झाले की तो मायक्रोफोनसारखा वागतो. अँप चालू, गिटार न जोडता व्हॉल्यूम थोडा वाढवा आणि पेन्सिलीच्या खोडरबराने एकेका छोट्या व्हॉल्व्हला हलकी टिचकी द्या. थोडी टिकटिक सगळेच करतात. जो घंटेसारखा घुमेल किंवा शिट्टी मारेल तो एकटा बदला. पाचातले चार शाबूत असताना पाचही फेकायचे हा सल्ला व्हॉल्व्ह विकणाऱ्याने दिला तर समजू शकतो.

अँप काल अमळनेरला परत गेला. रात्री पुन्हा फोन: "मामा, आते किणकिण येस." आता हे काय नवीन, म्हणून मी त्याला सूर लावून ठेवायला आणि घरभर हात लावत फिरायला सांगितलं. माझी बहीण मागून ओरडत होती. ती तिच्या मांडणीतली स्टीलची ताटं निघाली. दोन ताटांमध्ये फडकं घातल्यावर थांबली.

व्हॉल्व्हचा अख्खा सेट मात्र त्याने मेसेज वाचून आधीच मागवलाय. पार्सल शुक्रवारी येतंय, परत घेत नाहीत म्हणे.