विकले गेल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!

तुमची कंपनी विकली गेली म्हणे. अभिनंदन! ही गोड बातमी तुम्हालाही माझ्यासारखी फोनवरच वाचायला मिळाली असेल. आधी शेअर बाजाराला कळवायचं, मग पत्रकारांना, मग पत्रकारांच्या नातेवाइकांना आणि सरतेशेवटी विकल्या गेलेल्या मालाला, असा क्रम ठरलेला आहे. मनाला लावून घेऊ नका.

मी या वाटेवर तुमच्या थोडा पुढे आहे. चार युक्तीच्या गोष्टी सांगतो, म्हणजे तुमचा पुढचा प्रवास सुखाचा होईल.

टाउन हॉलला, म्हणजे अख्ख्या कंपनीच्या सभेला, वेळेवर जा. कॅमेरा चालू ठेवा. चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद दिसला पाहिजे, आणि ती आपल्याला लागलेली नाही हे डोळ्यांत दिसता कामा नये. समोर दोन साहेब असतील. जुने साहेब गहिवरतील, नवे साहेब त्यांच्या पाठीवर हात ठेवतील आणि पहिल्या पाच मिनिटांत दोघांपैकी एक जण म्हणेल, "काळजी करू नका, काहीही बदलणार नाही." हे वाक्य कानावर पडलं की त्याच संध्याकाळी सीव्ही अपडेट करायला घ्या. २०१४ साली फेसबुकने १९ अब्ज डॉलरला व्हॉट्सअॅप घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा व्हॉट्सअॅपनेही वापरणाऱ्यांना हेच सांगितलं होतं, की तुमच्यासाठी काहीही बदलणार नाही. २०१७ मध्ये एक संस्थापक बाहेर पडला, २०१८ मध्ये दुसरा. पहिला तर सुमारे ८५ कोटी डॉलरच्या शेअरवर पाणी सोडून गेला. तुमच्याकडेही मागे सोडण्यासारखं काही ना काही असेलच. खुर्चीवरचं जॅकेट, कॉफीचा मग वगैरे.

प्रश्नोत्तरांच्या वेळी नोकऱ्यांबद्दल विचारू नका. विचारलंत तर "फारच छान प्रश्न" एवढं उत्तर मिळेल आणि नेमकी तेव्हाच वेळ संपेल.

यापुढे वरून येणारी प्रत्येक मेल खालून वर वाचायची सवय लावा. नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये ताब्यात घेतला. जुलैमध्ये तिथले साहेब, स्टीफन ईलॉप, यांनी कर्मचाऱ्यांना एक लांबलचक पत्र पाठवलं. सुरुवात काय, तर 'हॅलो देअर'! मग धोरण आलं, मग फोनच्या श्रेणी आल्या, मग पुन्हा धोरण आलं. सुमारे १२,५०० नोकऱ्या जाणार ही किरकोळ बाब बरीच खाली, वाचणाऱ्याला जांभया येऊ लागल्यावर भेटायची. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने या खरेदीपोटी सुमारे ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले, म्हणजे जवळजवळ खरेदीची सगळी किंमतच, आणि आणखी ७,८०० लोकांना घरी पाठवलं. सौदा करणारे वेगळे आणि निस्तरणारे वेगळे. कामाची अशी स्वच्छ वाटणी तुम्हाला दुसऱ्या कुठल्याही धंद्यात सापडणार नाही.

लेव्हल मॅपिंगमध्ये, म्हणजे जुनी पदं नव्या कंपनीच्या पदांत बसवताना, तुम्ही सीनियरचे ज्युनियर झाला असाल. वय कमी झाल्याचा आनंद माना.

आता चॅटची अॅप दोन, कॅलेंडर दोन, व्हीपीएन दोन आणि साहेब तीन.

ईसॉपचा, म्हणजे कर्मचाऱ्यांना कबूल केलेल्या कंपनीच्या शेअरचा, कागद घरी जाऊन नीट वाचा. किंवा नकोच, झोप लागणार नाही. २०११ साली मायक्रोसॉफ्ट ८.५ अब्ज डॉलरला स्काइप घ्यायला निघाली, तेव्हा नोकरी सोडून गेलेल्या एका कर्मचाऱ्याला शोध लागला, की व्हेस्ट झालेले, म्हणजे ठरलेला काळ भरून हक्काचे झालेले, शेअरसुद्धा कंपनी मूळ दरानेच परत घेऊ शकते, असं एक कलम कागदपत्रांच्या ढिगात निवांत पहुडलं होतं. वकिलांनी ते कलम लिहिलं, साहेबांनी वापरलं आणि इंजिनीयर मात्र 'मालकीची भावना' जोपासत रात्री दोनला प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहकांची चालू सिस्टीम, सांभाळत बसला. तुम्हीही भावना जोपासा. भावनेला क्लिफ, म्हणजे शेअर मिळू लागण्यापूर्वीचा सक्तीचा मुक्काम, नसतो.

आणि संस्थापकांची माया बघायची असेल तर २०२५ चा जुलै आठवा. विंडसर्फ या एआय कोडिंगच्या कंपनीचे सीईओ निवडक मंडळींना घेऊन शुक्रवारी गूगलकडे निघून गेले. तंत्रज्ञानाच्या परवान्यापोटी गूगलने २.४ अब्ज डॉलर मोजल्याच्या बातम्या आल्या. मागे राहिलेल्यांना सोमवारी कॉग्निशन या दुसऱ्या कंपनीने घेतलं. मधले शनिवार-रविवार त्या लोकांनी नोकरी कुणाकडे आहे समजून काढले असतील?

रजा साठवू नका. ही युक्ती खरं तर एका ओळीची आहे, पण परवापासून माझं डोकं ठिकाणावर नसल्यामुळे ती जरा लांबणार आहे.

आमच्या जुन्या कंपनीत रजेची साधीसुधी सिस्टीम होती. दिसायला गबाळी, पण हिशेबाला चोख. 'इंटिग्रेशन', म्हणजे दोन कंपन्यांचं एकत्रीकरण, झाल्यावर तिच्या जागी नव्या मालकांचं देखणं पोर्टल आलं. परवा मी त्यात रजा टाकायला गेलो. शिल्लक शून्य. मला वाटलं पान अर्धवट लोड झालं असेल. रिफ्रेश केलं, तर पोर्टलने रंगीबेरंगी फुगे उडवले आणि लिहिलं, की प्रिय नव्या सहकाऱ्या, तुमचं स्वागत असो, सहा महिने पूर्ण झाल्याशिवाय तुम्हाला रजा घेता येणार नाही. माझ्या जॉइनिंग डेटच्या जागी सौदा पूर्ण झाल्याची तारीख होती. म्हणजे ज्या बिलिंग सिस्टीमसाठी यांनी आमची कंपनी घेतली, ती मी जन्माला येण्यापूर्वीच लिहून ठेवली होती! नव्या सहकाऱ्याला सक्तीचं ट्रेनिंगही लागलं आहे. त्यात त्याच बिलिंगचा धडा आहे, त्या धड्यात मी काढलेली आकृती आहे, आणि कुणीतरी ती नव्या ब्रँडच्या रंगात रंगवताना दोन बाण उलटे केले आहेत. खालच्या प्रश्नावलीत मी बरोबर उत्तर दिलं आणि नापास झालो.

मग टिकेट, म्हणजे मदतकक्षाकडे ऑनलाइन तक्रार, टाकलं. टिकेटमध्ये प्रकार निवडायचा असतो. पासवर्ड, प्रिंटर, पगार, पार्किंग. 'मी आहे, पण माझी मागली सगळी वर्षं गायब आहेत' असा प्रकार नव्हता, म्हणून 'इतर' निवडलं. क्षणात बॉट हजर! रजेचा अर्ज कसा करावा याचा लेख त्याने पुढे केला आणि विचारलं, मदत झाली का? मी 'नाही' दाबलं. त्याने तोच लेख पुन्हा दिला. माणूस मागितला, तर दुसऱ्या दिवशी मेल आली, की आपल्याकडून प्रतिसाद न आल्यामुळे टिकेट बंद करण्यात येत आहे. प्रतिसाद तीनदा दिला होता, पण जुन्या मेल आयडीवरून. कारण नव्या आयडीचा अॅक्सेस मिळवण्यासाठी टाकलेलं टिकेट वेगळंच पडून आहे. दुसरं टिकेट टाकलं. ते 'डुप्लिकेट' म्हणून बंद. कशाचं डुप्लिकेट? त्या बंद केलेल्या पहिल्या टिकेटचं! आणि वर सर्व्हे, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?

टिकेट किती लवकर बंद झालं यावर तिकडे कुणाचं तरी अप्रेझल ठरतं, हे मी समजू शकतो. ते उघडताना जे मोडलेलं होतं ते बंद करताना जोडलं गेलं का, हे मात्र कुणाच्याच अप्रेझलमध्ये नाही.

शेवटी ओळखीपाळखीने एक जिवंत माणूस सापडला. बिचारा भला होता. त्याने सांगितलं, की खर्च वाचवण्यासाठी जुन्या सिस्टीमचं लायसन्स आधी रद्द झालं आणि डेटा काढायचा राहिला हे नंतर लक्षात आलं. सगळ्यांच्या तारखा आणि रजा लावून ठेवलेली एक एक्सेल शीट होती. ती आमच्या पेरोलच्या बाईंकडे असायची. बाई नोकरकपातीच्या पहिल्याच यादीत गेल्या, कारण तिकडेही पेरोल सांभाळणारं कुणीतरी होतंच. सकाळी मीटिंगचं आमंत्रण आलं आणि दुपारच्या आत लॅपटॉप लॉक झाला. केटी, म्हणजे कामाची माहिती दुसऱ्याच्या हाती सोपवणं, वगैरे काही झालं नाही. आम्ही चाळीस मिनिटांच्या डिप्लॉयमेंटसाठी बिघडलं तर मागे कसं यायचं याचा दहा पानांचा रोलबॅक प्लॅन लिहितो हो! आणि हे अख्ख्या कंपनीच्या माणसांचा डेटा बॅकअप न घेता उडवतात, आणि उडवणारा माणूस पुढच्या टाउन हॉलमध्ये 'विक्रमी वेळात इंटिग्रेशन' म्हणून बक्षीस घेऊन जातो! स्लाइडवर त्याचा फोटो होता. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कॅमेरा चालू होता.

असो. रक्तदाब सांभाळा, नव्या विम्याची कार्डं अजून आलेली नाहीत.

रिटेन्शन बोनसची, म्हणजे टिकून राहण्यासाठी देतात त्या पैशांची, चौकशी करू नका. ज्यांना मिळालाय ते सांगणार नाहीत आणि बाकीच्यांना मिळालेला नाही.

निष्ठा सिद्ध करायची वेळ आली तर बटण कुठे आहे ते आधी बघून ठेवा. २०२२ च्या ऑक्टोबरअखेर ट्विटर नव्या मालकाच्या, इलॉन मस्क यांच्या हाती गेलं. आठवडाभरात जवळजवळ निम्मे कर्मचारी गेले. अनेकांना मेल येण्याआधी बंद पडलेल्या लॅपटॉपनेच बातमी दिली. काहींना काढल्यावर लक्षात आलं, की अरेच्चा, हे लागणार होते, आणि त्यांना परत बोलावणं गेल्याच्याही बातम्या आल्या. नोव्हेंबरच्या मध्यावर राहिलेल्यांना मेल गेली. यापुढे 'हार्डकोर' काम करायचं, जास्त तास करायचं. मान्य असेल तर उद्या संध्याकाळी पाचपर्यंत 'हो' दाबा, नाहीतर तीन महिन्यांचा पगार घेऊन निघा. मला तर हल्ली ही पद्धत प्रामाणिक वाटायला लागली आहे. फुगे तरी उडवले नाहीत.

यापुढची युक्ती सकारात्मक राहण्याबद्दलची होती. ती राहू द्या. आता सरळच बोलतो.

इंटिग्रेशनवाल्यांनो, सौदा होण्यापूर्वी तुमची माणसं महिनोन्‌महिने आमच्या डेटा रूममध्ये, म्हणजे तपासणीसाठी उघडलेल्या कागदपत्रांत, बसली होती. प्रत्येक सर्व्हर मोजलात. प्रत्येक ग्राहकाचा करार वाचलात. कुठल्या लायब्ररीचं लायसन्स काय, हे ओळीओळीने तपासलंत, आणि त्यासाठी आम्हाला रात्री बसवून शीट भरून घेतल्यात. तेव्हा एकही रकाना सुटला नाही. माणसामागे दोन रकाने आणायचे होते, रुजू झाल्याची तारीख आणि शिल्लक रजा. ते तेवढे सुटले? ते सुटले नाहीत, तुम्हाला ते महत्त्वाचे वाटले नाहीत. ही रजा म्हणजे तुमची मेहेरबानी नव्हती. सणावारी, आजारपणात, मुलांच्या परीक्षांत लोक कामावर आले, त्याची ती उधारी होती. कंपनी घेतलीत तशी तिची देणीही घेतलीत. बँकेचं कर्ज तुम्ही पोर्टलवर शून्य दाखवलंत का? दाखवून बघा, बँक काय करते ते.

आणि आमच्या जुन्या साहेबांनो, तुम्हाला तर सगळं ठाऊक आहे. कोण कधीपासून आहे, कोणी काय उभं केलं, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. एका मेलचं काम होतं. "ही माझी माणसं, यांच्या तारखा चुकल्यात, आठवड्यात दुरुस्त करा." तेवढंही जमलं नाही. तुमचे व्हेस्टिंगचे हप्ते संपेपर्यंत तुम्ही तोंड उघडणार नाही हे कळतं आम्हाला. मग निदान एक-एकट्याला गाठून "मलाही वाईट वाटतं रे" म्हणणं तरी बंद करा. वाईट वाटतंय तर ते मीटिंगमध्ये बोला, जिथे मिनिट्स, म्हणजे बैठकीच्या नोंदी, लिहिल्या जातात.

कालचा निरोप तर कळस आहे. एचआरकडून चॅटवर विचारणा आली, की तुमची त्या पेरोलच्या बाईंशी चांगली ओळख होती ना, मग सहज फोन करून विचारता का, ती शीट कुठे ठेवली होती? सहज! ज्या बाईंना सामान आवरायला अर्धा तास दिला नाहीत, निरोपाची एक मेल टाकू दिली नाहीत, त्यांनी आता घरी बसून तुमचा घोळ फुकट निस्तरायचा, आणि तेही माझ्या ओळखीवर? मी फोन करणार नाही. नंबर तुमच्याकडे आहे, तुम्ही करा. आधी माफी मागा, मग कामाचे पैसे किती घेणार ते विचारा, आणि त्या सांगतील तो आकडा घासाघीस न करता द्या.