ओमेगा टू शिकलात की कसिनो खिशात? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेले दोन आठवडे आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, तीन जणांनी तीन वेगवेगळ्या दिवशी टाकला आणि एका काकांनी तर खाली "शनिवारी अटलांटिक सिटी, कोण कोण येतंय" असं पण लिहिलं. मेसेज ब्लॅकजॅकमधल्या पत्ते मोजण्याबद्दल आहे. त्यात म्हटलंय की हाय-लो ही साठच्या दशकातली बाळबोध पद्धत, आता कालबाह्य; ओमेगा टू शिका, ती ३० टक्के जास्त कमावून देते; एक्के वेगळे मोजायलाच हवेत; केओ ही आळशी लोकांची पद्धत; न्यू जर्सीत मोजणाऱ्याला कोणी हाकलू शकत नाही म्हणून बिनधास्त खेळा; आणि एकदा सिस्टिम हातात बसली की टेबल कुठलंही असू दे, ऑनलाइन असू दे, पैसा येणारच.

मी स्वतः ओमेगा टूवर सात महिने घालवलेत, ट्रेनमध्ये मांडीवर कॅट ठेवून पत्ते उलटत बसायचो, समोरच्या आजी दररोज संशयाने बघायच्या, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

ज्यांना हे काय चाललंय तेच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मेंढीकोट खेळताना किती दश्श्या गेल्या हे आपण लहानपणापासून डोक्यात ठेवतोच, हे तसंच आहे. ब्लॅकजॅकमध्ये दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का हे शिल्लक राहिलेले खेळणाऱ्याच्या फायद्याचे, आणि दुर्री ते छक्की शिल्लक राहिले तर डीलरच्या. हाय-लोमध्ये दुर्री ते छक्की दिसली की +१, सत्ती-अठ्ठी-नव्वी शून्य, दश्शीपासून एक्क्यापर्यंत -१. आलेल्या बेरजेला उरलेल्या कॅटच्या संख्येने भागायचं, तो ट्रू काउंट. समजा बेरीज +८ आणि चार कॅट उरलेत, तर +२. हा आकडा चढला की बेट वाढवायची, उतरला की कमीत कमी ठेवायची. झालं.

आता पहिला मुद्दा, हाय-लो जुनी. हो, जुनी आहे. हार्वी डबनरने १९६३ मध्ये मांडली आणि एडवर्ड थॉर्पच्या पुस्तकाच्या १९६६ च्या आवृत्तीत ती आली. पण जुनी म्हणजे शिळी कशी? कॅटमध्ये पत्ते तेव्हाही ५२ होते आणि आजही ५२च आहेत, छक्की गेल्याने होणारा फायदा काही महागाईप्रमाणे बदलत नाही. पत्ते मोजून कसिनोकडून पैसे जिंकणाऱ्या एमआयटीच्या ज्या टीमच्या गोष्टी आपण सगळे चवीने सांगतो ना, ती पोरं हाय-लोच वापरायची, आणि गणितात ती काही कच्ची नव्हती. बदललं काय असेल तर शूमधल्या, म्हणजे डीलर ज्यातून पत्ते काढतो त्या पेटीतल्या, कॅटची संख्या, पैसे देण्याचं प्रमाण, आणि कट कार्ड, म्हणजे इथवर आलं की पिसायचं अशी खूण, कुठे लावतात ते. त्याचा फटका ओमेगा टूलाही तेवढाच बसतो, नवीन नाव म्हणून कोणी सूट देत नाही.

दुसरा मुद्दा ३० टक्क्यांचा, आणि इथे थोडं थांबतो कारण खरी गडबड इथे आहे. हा आकडा कुठून आला ते मला लगेच कळलं कारण मी पण एकदा तोच भागाकार केला होता. प्रत्येक सिस्टिमला दोन मुख्य मार्क असतात, एक बेट कधी वाढवायची हे ती किती बरोबर सांगते त्याचा आणि दुसरा हातातले पत्ते कसे खेळायचे हे किती बरोबर सांगते त्याचा. दुसऱ्या विषयात हाय-लोला १ पैकी ०.५१ आणि ओमेगा टूला ०.६७. भागाकार केला की येतात ३१ टक्के, झाला मेसेज तयार! पण पहिल्या विषयात हाय-लोला ०.९७ आहेत आणि ओमेगा टूला, एक्के वेगळे न मोजता, ०.९२. म्हणजे बेटिंगमध्ये ती बाळबोध पद्धतच पुढे आहे, कारण ओमेगा टू एक्क्याला शून्य धरते आणि बेटिंगच्या दृष्टीने खेळणाऱ्याच्या फायद्याच्या पत्त्यांत एक्का हा सगळ्यात महत्त्वाचा.

मग कुठला विषय जास्त मार्कांचा? ते टेबल ठरवतं. सहा किंवा आठ कॅटचा शू असेल, जो अटलांटिक सिटीत बहुतेक ठिकाणी असतो, तर कमाईचा मोठा वाटा बेट वाढवण्या-कमी करण्यातून येतो, पत्ते वेगळे खेळण्यातून थोडाच. एकाच कॅटचा डाव असेल तर उलट, तिथे चार पत्ते गेले तरी उरलेल्यांचं रूप बदलतं, खेळण्याचे निर्णय सारखे फिरतात, आणि तिथे ओमेगा टू किंवा तिच्यासारखीच हाय-ऑप्ट टू खरंच उजवी ठरते. नेवाडात, एका कॅटवर, ब्लॅकजॅकला (पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहाचा पत्ता) ३:२ देणारं टेबल मिळालं आणि तुम्ही रोज खेळणारे असाल तर जरूर शिका, मी अडवणार नाही. पण मेसेज पाठवणारे सगळे गार्डन स्टेट पार्कवे हायवेने अटलांटिक सिटीच्या आठ कॅटच्या शूवर चाललेत.

आणि डोक्यावरचा भार पण बघा. एक खराखुरा राउंड घेऊ. माझ्याकडे नव्वी आणि सत्ती, शेजाऱ्याकडे पंजी आणि राजा, तिसऱ्याकडे दोन चौक्या, डीलरची उघडी छक्की. हाय-लोमध्ये नव्वी-सत्ती दिसल्याच नाहीत असं समजायचं, पंजी आणि राजा एकमेकांना खातात, उरल्या दोन चौक्या आणि छक्की, +३, एका नजरेत. ओमेगा टूमध्ये नव्वी -१, सत्ती +१, पंजी +२, राजा -२, चौक्या +२ +२, छक्की +२, एकूण +६, आणि भागाकार अजून बाकीच. घरच्या डायनिंग टेबलवर हे मस्त जमतं. कसिनोत डीलर तासाला साठ-सत्तर राउंड काढतो, मागे स्लॉट मशीन किंचाळतंय, आणि शेजारचा माणूस "व्हेअर आर यू फ्रॉम" विचारतोय.

यावरूनच तिसरा मुद्दा, एक्के वेगळे मोजा. कागदावर १०० टक्के बरोबर. एक्क्यांची दुरुस्ती धरली की ओमेगा टूचे बेटिंगचे मार्क ०.९९ पर्यंत जातात. आता ती दुरुस्ती करायची कशी ते ऐका. सहा कॅटमध्ये २४ एक्के. डिस्कार्ड ट्रेकडे, म्हणजे खेळून झालेले पत्ते ठेवतात तिकडे, बघून अंदाज घ्यायचा की अडीच कॅट गेले, म्हणजे दहा एक्के जायला हवे होते, तुम्ही सातच पाहिलेत, म्हणजे तीन जास्त शिल्लक, त्याप्रमाणे काउंट वर न्यायचा, मग भागायचा, मग बेट ठरवायची, पण हातातले पत्ते खेळताना मात्र ही दुरुस्ती काढून टाकायची! मी एक्के पायाच्या स्थितीवर लक्षात ठेवायचो, टाच म्हणजे एक, चवडा म्हणजे दोन वगैरे. एका रात्री चांगला शू चालू होता, वेट्रेसने ड्रिंक विचारलं, मी वळून "जस्ट वॉटर" म्हटलं, आणि परत बघतो तर पाय कुठे होता तेच आठवेना. पाच की सहा? मुख्य काउंट पण गेला. कमीत कमी बेटवर अख्खा शू बसून काढला, बायको नंतर म्हणाली की तुझा पाय सारखा का हलत होता, तुला बरं वाटत नव्हतं का.

एका कॅटमध्ये एक्के चारच, ते कोणीही मोजेल. चोवीस किंवा बत्तीस मोजणं वेगळं. आणि एक्के मोजायचे नसतील पण ओमेगासारखी दुसऱ्या पायरीची, म्हणजे एकाबरोबर दोन पण मोजणारी सिस्टिम हवीच असेल तर झेन आहे, ती एक्क्याला -१ देते, दोन कॅटच्या टेबलवर मला ती ओमेगापेक्षा जास्त शहाणी वाटते.

चौथा मुद्दा, केओ आळशी लोकांची. हो, आळशीच, म्हणून तर छान. हाय-लोच, फक्त सत्तीलाही +१, त्यामुळे एका पूर्ण कॅटची बेरीज शून्य न येता +४ येते. मेसेजमध्ये म्हटलंय की भागाकार नाही म्हणजे काउंट चुकीचा. गंमत बघा. सहा कॅटला सुरुवात -२० पासून करतात, त्यामुळे शू पूर्ण संपला की बेरीज बरोबर +४ वर येणार. आता मध्येच कधी काउंट +४ झाला तर उरलेल्या पत्त्यांची बेरीज शून्य, जिथे एरवी दर कॅटमागे +४ असायला हवी होती. म्हणजे दर कॅटमागे चारने मोठे पत्ते जास्त, ट्रू काउंट नेमका +४, मग दोन कॅट उरलेले असोत की पाच. बेट मोठी लावायच्या वेळीच ती सगळ्यात अचूक असते. चूक होते ती त्या बिंदूपासून लांब असताना, विशेषतः शूच्या सुरुवातीला, तिथे ती फायदा असूनही दाखवत नाही. म्हणून मागे उभं राहून मोजायचं आणि चांगला काउंट आला की बसायचं असा बेत असेल तर मी हाय-लो घेईन. बसून आठ कॅट खेळायचे असतील आणि डिस्कार्ड ट्रे बघून कॅट मोजायचा कंटाळा असेल तर केओ, डोळे झाकून. बेटिंगचे मार्क ०.९८, हाय-लोपेक्षा कणभर जास्तच.

हाकलण्याचं पटकन उरकतो. पत्ते मोजणाऱ्या केन उस्टनच्या केसमध्ये १९८२ साली न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने मोजणाऱ्यांना कसिनोने स्वतःच्या मर्जीने बंदी घालू नये असं सांगितलं, हे खरंय. पण हाकलत नाहीत म्हणजे खेळू देतात असं नाही, तुम्ही बेट वाढवली की पत्ते पिसून टाकता येतात, तुमची कमाल बेट खाली आणता येते. आणि नेवाडात सरळ दार दाखवतात.

राहिला शेवटचा, टेबल कुठलंही असू दे. हे वाक्य वाचून मी कपाळावर हात मारला. साधा हिशोब करा. दहा डॉलरच्या बेटवर ब्लॅकजॅक लागला तर ३:२ देणाऱ्या टेबलवर पंधरा मिळतात, ६:५ देणाऱ्यावर बारा. ब्लॅकजॅक साधारण २१ हातांत एकदा येतो. म्हणजे २१० डॉलर लावले की तीन डॉलर गेले, जवळपास १.४ टक्के. ट्रू काउंट एकने वाढला की मिळतो साधारण अर्धा टक्का. म्हणजे जवळपास तीन काउंट चढेपर्यंत तुम्ही नुसता तो खड्डा भरताय, आणि ओमेगा टू घ्या नाहीतर आणखी काही, खड्डा तेवढाच. ३:२ च्या टेबलवर हाय-लो खेळणारा माणूस ६:५ च्या टेबलवरच्या ओमेगावाल्याच्या कितीतरी पुढे असतो.

तसंच कट कार्डचं. सहा कॅटपैकी मागे एकच कॅट सोडत असतील तर बसा, दोन-अडीच सोडत असतील तर काउंट चढायच्या आधीच पिसणार. दोन डीलर वेगवेगळ्या ठिकाणी कट लावतात, पाच मिनिटं उभं राहून बघितलं तर दिसतं. आणि वापरलेले पत्ते लगेच परत मशीनमध्ये जात असतील तर मोजायला काही उरतच नाही, तिथे बसून ओमेगा टू करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ऑनलाइनचं पण तेच. न्यू जर्सीत २०१३ पासून ऑनलाइन कसिनो कायदेशीर आहेत, पण सॉफ्टवेअरवाल्या ब्लॅकजॅकमध्ये प्रत्येक हाताला पत्ते नव्याने पिसलेले असतात. काय मोजणार?

ग्रुपमधल्या एकाने विचारलं की डिसेंबरमध्ये गोव्याला जातोय, तिथे चालेल का. अरे बाबा, मांडवीतल्या बोटीवर चढायला आधी एंट्रीचे पैसे मोजतोस, जेवणखाण त्यात धरून. चांगल्या टेबलवर, बिनचूक मोजून, मोजणाऱ्याची सरासरी कमाई तासाला कमीत कमी बेटच्या एक-दोन पट, आणि एका रात्रीतला चढ-उतार त्याच्या कितीतरी पट. तर तीन तास बसून तुझं एंट्रीचं तिकीट तरी निघतं का ते आधी बघ, आणि चढल्यावर पहिलं काम म्हणजे पत्ते कुठे टाकतायत, ट्रेमध्ये की मशीनमध्ये, तेवढं बघून मला व्हॉट्सअ‍ॅप कर.