‘डोंगरात लपतील’ म्हणे!

काल रात्री मावसबहिणीने ऑस्ट्रेलियातल्या मांजरांचा तो फिरणारा मेसेज पाठवला, खाली लिहिलं "किती क्रूर लोक आहेत". मेसेज थोडक्यात असा: रानटी मांजरं तिथे पूर्वीपासूनच आहेत, पोटापुरतंच मारतात, आणि छोट्या प्राण्यांना लपायला डोंगर आहेतच, मग मांजरांना मारायच्या मागे का लागायचं.

पूर्वीपासून अजिबात नाहीत, १७८८ नंतर युरोपियन लोकांबरोबर आली. पोटापुरतं म्हणाल तर वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किम्बर्ली भागात संशोधकांनी मांजरांच्या गळ्यात कॅमेरे बांधले होते (अभ्यास २०१५ साली छापलाय), त्यात शिकारीचे १०१ प्रयत्न दिसले, ३२ साधले, आणि मारलेल्यांपैकी २८ टक्के जनावरं खाल्लीच नाहीत.

आता डोंगर. यात अर्धं खरंय, ते मान्य करते. त्याच अभ्यासात उघड्या जागी मांजराची शिकार ७० टक्के वेळा साधली, दाट गवतात किंवा खडकांच्या गुंत्यात फक्त १७ टक्के. दगडांच्या फटीत उंदराएवढा जीव घुसला की मांजराचा पंजा पोचत नाही, शिवाय खडकाळ भागात वणवा सगळीकडे सारखा पसरत नाही म्हणून आडोसाही उरतो.

पण यावरून "लपतील की डोंगरात" कसं काय म्हणता? लेसर बिल्बी हा सशासारख्या लांब कानांचा छोटा प्राणी वाळवंटात बीळ करून राहायचा, तो काय कडे चढून जाणार होता? नामशेष झाला तो, आणि मांजरं-कोल्हे हे त्यामागचं मोठं कारण मानतात. जो प्राणी मुळात सपाटीचा आहे त्याला डोंगराचा काय उपयोग! आणि डोंगरातले तरी कुठे निर्धास्त आहेत? सेंट्रल रॉक-रॅट हा खडकांत राहणारा उंदीर १९६० नंतर दिसलाच नाही, संपला असंच धरलं होतं, १९९६ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातल्या मॅकडॉनेल डोंगररांगांत परत सापडला. आज तो तिथल्या खडकाळ उंच भागातच तग धरून आहे आणि तिथेही मांजरांच्या विष्ठेत त्याचे अवशेष मिळालेत. म्हणजे डोंगराने त्याला जेमतेम टिकवलंय, मांजर तिथेही पोचतंच.

मारण्याच्या पद्धतींवर वाद घाला, विषाच्या आमिषाबद्दल मलाही वाईट वाटतं. पण सपाटीवरच्या प्राण्यांसाठी मध्य ऑस्ट्रेलियातल्या न्यूहेवन अभयारण्यात ४४ किलोमीटरचं मांजर-रोधक कुंपण घालावं लागलं, ते डोंगर पुरत नाहीत म्हणूनच ना?