रूपर्टची बाजू घेताना

सप्रेम नमस्कार.

‘द प्रिझनर ऑफ झेंडा’मध्ये (१९३७) सहकलाकारांनी नायकाला झाकोळलं, असं मी लिहिलं, ते तुम्हाला अन्यायाचं वाटलं. राजा आणि त्याच्यासारखाच दिसणारा रासेन्डिल अशा दोन्ही भूमिका रोनाल्ड कोलमनने पेलल्या, त्याच्याशिवाय चित्रपट उभा राहत नाही, आणि रूपर्टसारख्या खलनायकाला टाळ्या मिळवणं नेहमीच सोपं, असं तुमचं म्हणणं. पहिले दोन मुद्दे मलाही मान्य आहेत. तिसरा अजिबात नाही.

अहो, याच चित्रपटात दुसरा खलनायक आहे की! सिंहासनासाठी भावाला कोंडून ठेवणारा ब्लॅक मायकेल. कारस्थान सगळं त्याचं, आणि रेमंड मॅसी काही लेचापेचा नट नव्हे. तरी तो आणि त्याचा साथीदार रूपर्ट एका दालनात आले की नजर जाते डग्लस फेअरबँक्स ज्युनियरच्या रूपर्टकडेच. मायकेलला राज्य हवंय, म्हणून त्याच्या कपाळावरच्या आठ्या जात नाहीत. रूपर्टला प्रत्येक भानगडीची मजा येते. रासेन्डिलला लाच देऊ करतानाही तो घरी आलेल्या पाहुण्यासारखा प्रसन्न असतो! फेअरबँक्सला खरं तर नायक व्हायचं होतं. रूपर्टच घे, हा सल्ला वडिलांचा, म्हणजे मूकपटांतल्या त्या प्रसिद्ध तलवारबहाद्दराचा. त्यांना भूमिकेची पारख होती.

राजाचा विश्वासू सेनाधिकारी कर्नल झाप्ट, त्याला तुम्ही ‘पांढऱ्या मिशांचा म्हातारा’ म्हणून एका ओळीत उडवलंत, ते मात्र मनाला लागलं. झाप्ट झालेले सी. ऑब्रे स्मिथ तेव्हा सत्तरी ओलांडलेले. लंडनच्या रंगभूमीवर त्यांनी याच कथेतला मायकेल केला होता. त्याही आधी, १८८९ मध्ये, पोर्ट एलिझाबेथला ते इंग्लंडचे कसोटी कर्णधार होते. एकच कसोटी खेळले, पण पहिल्या डावात १९ धावांत ५ बळी घेतले. आता तो प्रसंग पुन्हा पाहा. राज्याभिषेकाची सकाळ, राजा बेशुद्ध, आणि तोतया उभा करायचा निर्णय झाप्टला तिथल्या तिथे घ्यायचाय. हुकूम द्यायची ज्याला सवय आहे, त्याला आवाज चढवावा लागत नाही. कोलमन आणि डेव्हिड निव्हन दोघंही त्यांच्या तोंडाकडे बघत राहतात, आणि आपणही.

कोलमन कमी पडला, असं मी म्हटलेलंच नाही. दुसऱ्याचं सोंग घेतलेल्या माणसाला भीती, प्रेम, सगळं आत दाबून ठेवावं लागतं, आणि तो ते फार सुंदर करतो. पण उधळून द्यायची मुभा कथेने इतरांना दिली आहे.

१९५२ मध्ये जवळजवळ याच पटकथेवर पुन्हा चित्रपट निघाला. नायक स्ट्युअर्ट ग्रेंजर, रूपर्ट जेम्स मेसन. मेसनमध्ये हसू कमी, गारठा जास्त. तरी मला लक्षात राहिला तो मेसनच.

आणि एक विचारतो. तलवारबाजी अर्धी टाकून रूपर्ट खंदकात उडी मारतो आणि निसटतो, तेव्हा मला दर वेळी मनापासून आनंद होतो. तुम्हाला खरंच होत नाही?