१९९५ च्या नेब्रास्काला विसरलात की!

२०१९ ची एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) ही अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली सर्वांत दादा टीम, असं लेखात म्हटलंय. त्यांचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) जो बरो याचे ६० टचडाउन पास (ज्यावर थेट गुण मिळतात), १५ पैकी १५ विजय, उपांत्य सामन्यात ओक्लाहोमाविरुद्ध पहिल्या हाफमध्येच ७ टचडाउन पास, सगळं मान्य. पण दादागिरी म्हणायची तर ऑबर्नला ३ गुणांनी, अलाबामाला ५ गुणांनी आणि टेक्सासला ७ गुणांनी हरवणं त्यात बसतं का? तिथे जीव टांगणीला लागला होता राव.

१९९५ ची नेब्रास्का विद्यापीठाची टीम बघा. १२ सामने, १२ विजय, आणि सर्वांत 'अटीतटीचा' विजयसुद्धा १४ गुणांनी! पासिंगचे नखरे नाहीत, बॉल घ्यायचा आणि पळायचं. समोरच्याला माहीत असायचं काय येणार आहे, तरी थांबवता यायचं नाही. फिएस्टा बोलमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या सामन्यात, समोर अपराजित फ्लोरिडा होती. पहिल्या क्वार्टरनंतर फ्लोरिडा १०-६ ने पुढे, आणि शेवटी स्कोअर ६२-२४. नेब्रास्काचा क्वार्टरबॅक टॉमी फ्रेझरची ती ७५ यार्डांची धाव यूट्यूबवर जरूर बघा. निम्मी टीम अंगाला लटकली तरी गडी पडत नाही. तरी हाइझमन ट्रॉफी (मोसमातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) त्याला मिळाली नाहीच, एडी जॉर्जला गेली.

एक डाग मात्र आहे. माजी प्रेयसीला मारहाण केलेल्या स्टार रनिंग बॅकला (बॉल घेऊन पळणाऱ्या खेळाडूला) प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांनी त्याच मोसमात परत घेतलं. ते तेव्हाही पटण्यासारखं नव्हतं, आजही नाही.

बाकी बरोचा हात बघायला मजा जास्त, हे कबूल.