पाठिंबा संघटनेचा, मत न्हाव्याचं

परभणीहून मामांचा फोन आला की आधी पाऊस, मग सोयाबीनचा भाव आणि शेवटी राजकारण, हा क्रम ठरलेला. गेलं वर्षभर मात्र राजकारणावर आलो की त्यांचा एकच प्रश्न असतो. "अरे, तुमच्याकडचे ते मेक्सिकन लोक ट्रम्पला मत देतातच कसे? तो तर त्यांनाच हाकलायला निघालाय!"

मी न्यू जर्सीत, पसेइक काउंटीत राहतो. मामांचा प्रश्न अगदी माझ्या गल्लीतला आहे. इथे 2020 मध्ये बायडन सुमारे 16 टक्क्यांच्या फरकाने पुढे होते. 2024 मध्ये हीच काउंटी ट्रम्पकडे गेली. 1992 नंतर पहिल्यांदाच इथे अध्यक्षपदाचा रिपब्लिकन उमेदवार पुढे राहिला. पसेइक शहरात तर स्पॅनिश येत नसेल तर भाजी घेतानाही अडायला होतं, आणि तेही त्यांनीच जिंकलं.

माझे केस कापणारा डोमिनिकन आहे. त्याला मेक्सिकन म्हटलं तर तो कात्री थांबवून आरशातून बघतो. आपल्याला इथे कुणी "तुम्ही हिंदू भाषा बोलता ना?" असं विचारल्यावर आपण बघतो ना, तसंच. लॅटिन अमेरिकेतल्या मुळाच्या लोकांसाठीच्या 'लॅटिनो' या एका शब्दात क्यूबातून पळून आलेला, जन्मतःच अमेरिकन नागरिक असलेला पोर्तोरिकन आणि टेक्सासमध्ये सात पिढ्या राहिलेला असे सगळे कोंबलेले आहेत. 2024 मध्ये असे साडेतीन कोटींहून जास्त लोक मतदानाला पात्र होते. त्यात स्त्री-पुरुष भेद न दाखवणारा 'लॅटिनेक्स' हा आणखी एक शब्द विद्यापीठांतून आला. प्यू या संशोधन संस्थेच्या 2020 च्या अहवालात तो स्वतःसाठी वापरणारे जेमतेम 3 टक्के निघाले. डेमोक्रॅट नेत्यांच्या भाषणांत मात्र तो पोचला होता.

तो पोचला कसा, यातच मामांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. पक्ष मतदाराशी बोलत नव्हता, मतदाराच्या वतीने बोलणाऱ्यांशी बोलत होता. यातली सर्वात जुनी मोठी संघटना लुलॅक, 1929 मध्ये टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्टीत स्थापन झालेली. सुरुवातीला तिचं सभासदत्व फक्त अमेरिकन नागरिकांना मिळे. सीमेपलीकडून नव्याने येणाऱ्यांशी आपलं नाव जोडलं जाऊ नये, याची तिला काळजी होती. म्हणजे 'आम्ही आधीचे, हे नंतरचे' ही भावना ट्रम्प यांनी निर्माण केलेली नाही. दुसरी मोठी संघटना 1968 ची ला रासा, जिने 2017 मध्ये युनिडोस यूएस हे नाव घेतलं. 2008 च्या उन्हाळ्यात अध्यक्षपदाचे उमेदवार ओबामा आणि मॅकेन दोघेही या दोन्ही संघटनांच्या व्यासपीठांवर जाऊन आले होते. पहिल्याच वर्षी स्थलांतर सुधारणेचं विधेयक आणू, हा ओबामांचा शब्द होता. तो पाळला गेला नाही. लहानपणी आईबापांबरोबर आलेल्या मुलांना दिलासा देणारा 'डाका'चा निर्णय आला तो थेट जून 2012 मध्ये, फेरनिवडणुकीच्या पाच महिने आधी. आपल्याकडे आचारसंहितेच्या तोंडावर शासननिर्णय निघतात, ते आठवावं. दरम्यान हद्दपारी चालूच होती. शेवटी 2014 मध्ये ला रासाच्या अध्यक्ष जॅनेट मुर्गिया यांनी ओबामांना 'डिपोर्टर इन चीफ', म्हणजे हद्दपारीचे सरसेनापती, म्हटलं. घरातल्याच माणसाने घातलेला तो घाव होता.

आणि तरीही ऑगस्ट 2024 मध्ये लुलॅकच्या राजकीय शाखेने, संघटनेच्या 95 वर्षांत पहिल्यांदाच, अध्यक्षपदाच्या उमेदवाराला पाठिंबा दिला. कमला हॅरिस यांना. तीन महिन्यांनी टेक्सासची स्टार काउंटी, जिथे शंभरात पंच्याण्णवाहून अधिक लोक लॅटिनो आहेत, 1892 नंतर प्रथमच रिपब्लिकन उमेदवाराच्या मागे गेली. देशभरात प्यूच्या अभ्यासानुसार लॅटिनोंची 48 टक्के मतं ट्रम्प यांना पडली.

मी न्हाव्याला लुलॅकबद्दल विचारलं. त्याला ते औषधाचं नाव वाटलं.

रिपब्लिकनांचा मार्ग वेगळा होता. 2012 मध्ये त्यांचे उमेदवार रॉम्नी यांना या समाजाची जेमतेम 27 टक्के मतं पडली, तेव्हा स्थलांतराबाबत नरम व्हा, असा सल्ला पक्षाच्याच अहवालाने दिला. ट्रम्प यांनी बरोबर उलटं केलं. पण त्याच काळात उद्योगपती कोक बंधूंच्या पैशावर उभी राहिलेली लिब्रे नावाची संघटना इंग्रजीचे वर्ग घेत होती, ड्रायव्हिंग लायसन्सच्या परीक्षेची तयारी करून देत होती. हे वाचलं तेव्हा मला दादरची शाखा आठवली. दाखला, शाळेचा प्रवेश, रात्री-अपरात्री रुग्णवाहिका. विचारसरणी नंतर. डेमोक्रॅटांकडे परिषदा होत्या, अहवाल होते. न्हाव्याच्या दुकानाचं भाडं वाढलं तेव्हा त्याच्या दारात मात्र कुणीच आलं नाही. मला ट्रम्प यांचं धोरण क्रूर वाटतं, आणि तरी हा हिशेब मला मान्य करावा लागतो.

मामांना मी उलट विचारलं, "तुमच्याकडे तरी काय झालं?" लोकसभेला महायुतीला मराठवाड्यात आठपैकी एकच जागा मिळाली, तेव्हा सगळे म्हणाले, मराठा समाज एकवटला. सहा महिन्यांत त्याच मराठवाड्यात महायुतीने मैदान मारलं. मधल्या काळात जरांगे पाटलांनी उमेदवार देण्याचं ठरवून 4 नोव्हेंबरला माघार घेतली आणि बायकांच्या खात्यात महिना दीड हजार जमा होऊ लागले. नेमकं कशाने किती फरक पडला, ते मला इथून सांगता येणार नाही. पण 'समाजाची मतं' कुणाच्या तरी खिशात असतात हे जे आपण पारावर बसून बोलतो, ते तिथेही खरं ठरलं नाही.

मामा गप्प झाले. मग म्हणाले, "तुझी मामी मला न विचारता मत देऊन आली, एवढं मला ठाऊक आहे."

आता चूक करायची पाळी रिपब्लिकनांची दिसते. टेक्सासमध्ये त्यांनी 2025 मध्ये पाच जागा वाढवण्यासाठी मतदारसंघांचे नकाशे पुन्हा आखले. त्यातल्या काही जागांचं गणित लॅटिनो मतं 2024 सारखीच पडतील या भरवशावर आहे. लुलॅक त्याविरुद्ध कोर्टात गेली. इकडे आमच्या पसेइकमध्ये नोव्हेंबर 2025 च्या गव्हर्नरच्या निवडणुकीत डेमोक्रॅट मिकी शेरिल पंधराएक टक्क्यांनी पुढे राहिल्या. वर्षभरात काउंटी जिथून निघाली होती तिथे परत. लगेच टीव्हीवर 'लॅटिनो घरी परतले' सुरू झालं.

न्हाव्याच्या दुकानात तेव्हा दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. जूनपासून धाडींच्या बातम्या येत होत्या, काही गिऱ्हाइकं यायचीच बंद झाली. यंदा कुणाला मत दिलंस, असं मी विचारलं, तर त्याने माझी मान खाली दाबली आणि मशीन सुरू केलं.